ईआयए अहवालातलं भाकीत तपासता येईल असं कसं लिहावं: नागपूर परिसरासाठी कामाची पद्धत

नागपूरहून कोणत्याही दिशेला निघा, तासाभरात एखादा मोठा प्रकल्प लागतोच. उत्तरेला कोराडी-खापरखेडाची औष्णिक वीज केंद्रं, पुढे सावनेरच्या कोळसा खाणी, रामटेकच्या वाटेवर मनसर-कांद्रीचं मँगनीज, पूर्वेला मौदा, आग्नेयेला उमरेड, दक्षिणेला बुटीबोरी. नवा प्रकल्प असो की जुन्याचा विस्तार, पर्यावरण परवानगीसाठी ईआयए, म्हणजे पर्यावरणीय आघात मूल्यांकनाचा अहवाल करावा लागतो. हे जाडजूड अहवाल वाचणं माझ्या कामाचाच भाग आहे. त्यांत एक वाक्य हमखास भेटतं: 'प्रकल्पाचा परिसरातील हवेवर होणारा परिणाम नगण्य राहील.' नगण्य म्हणजे किती? कोणत्या गावात? हिवाळ्यात की उन्हाळ्यात? प्रकल्प सुरू झाल्यावर दहा वर्षांनीही हे वाक्य कोणी खोटं ठरवू शकत नाही, कारण त्यात तपासण्यासारखं काहीच नाही.

अहवालाची पानं वाढवल्याने त्याचा दर्जा वाढत नाही. प्रत्येक भाकीत आकडा, जागा आणि काळ यांच्यासह लिहिलं आणि ते पुढे मोजता येईल अशी सोय आधीच करून ठेवली, तर वाढतो. खालची सगळी पद्धत याच एका आग्रहातून आली आहे. सल्लागार संस्थेत नव्याने लागलेली मुलं-मुली, पर्यावरणशास्त्राचे विद्यार्थी आणि जनसुनावणीआधी अहवाल हातात घेणारी ग्रामपंचायतीतली मंडळी, या तिघांनाही ती वापरता येईल.

कायद्याची चौकट थोडक्यात. आपल्याकडे पहिली ईआयए अधिसूचना १९९४ साली आली. सध्या लागू आहे ती १४ सप्टेंबर २००६ ची, पुढच्या सुधारणांसह. तिच्यात छाननी, व्याप्तिनिश्चिती (काय काय अभ्यासायचं ते ठरवणं), लोकांशी विचारविनिमय आणि तज्ज्ञ समितीकडून मूल्यमापन असे चार टप्पे आहेत. 'अ' गटातले प्रकल्प केंद्राकडे जातात, 'ब' गटातले राज्य प्राधिकरणाकडे. मूल्यमापन करणारी समिती समोर आलेल्या आकड्यांवरच चर्चा करते. त्यामुळे आकडे गोळा करतानाच जे बिघडलं, ते पुढच्या टप्प्यावर दुरुस्त होईल ही आशा ठेवू नका.

आधी प्रश्न, मग सॅम्पलर

टीओआर, म्हणजे अभ्यासात काय काय पाहायचं याची अधिकृत यादी, हातात आला की बहुतेक ठिकाणी सॅम्पलर (हवेचा नमुना घेणारं यंत्र) घेऊन लगेच फील्ड टीमची गाडी निघते. ती चार दिवस थांबवा. टीओआरमधला प्रत्येक मुद्दा प्रश्नाच्या रूपात लिहून काढा. टीओआर म्हणतो, 'हवेच्या गुणवत्तेचा अभ्यास करावा.' तुम्ही लिहा: 'विस्तारानंतर वाऱ्याच्या खालच्या अंगाला असलेल्या तीन गावांत हिवाळ्यातलं पीएम १० (हवेतली १० मायक्रॉनपर्यंतची बारीक धूळ) किती वाढेल, आणि ती वाढ आपल्याला मोजता येईल का?' प्रश्न असा मांडला की कुठे मोजायचं, कधी मोजायचं, किती वेळा मोजायचं, ही तिन्ही उत्तरं त्यातूनच निघायला लागतात.

याच वेळी भाकिताचा साचाही ठरवून टाका. नमुन्यादाखल: 'दोन्ही युनिट पूर्ण क्षमतेने चालू असताना, डिसेंबर ते फेब्रुवारीत, शाळेच्या छतावरच्या मोजणी केंद्रावर पीएम १० ची सरासरी प्रकल्पामुळे ४ ते ९ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर वाढेल. वाढ १५ च्या वर गेली तर आमचं गणित चुकलं असं धरून उपाययोजनेचा फेरविचार करावा.' असं वाक्य लिहायला धीर लागतो. मालकाला ते आवडणार नाही, कधी कधी आपल्या साहेबांनाही आवडणार नाही. तरी लिहायचं.

कोणता परिणाम 'लक्षणीय' मानायचा, तेही आकडे यायच्या आधी ठरवायला हवं. आकडे आल्यावर ठरवलं तर मर्यादेची रेषा आपसूक सोयीच्या जागी जाऊन बसते. हवेसाठी २००९ ची राष्ट्रीय मानकं आहेतच: पीएम १० चोवीस तासांसाठी १०० आणि वर्षाच्या सरासरीला ६०, पीएम २.५ साठी ६० आणि ४०. पण जिथे हवा आधीच मानकाच्या वर आहे, तिथे 'मानकाच्या आत' हा निकष निरुपयोगी ठरतो. तिथे वाढीवरच मर्यादा घाला.

दहा किलोमीटरचं वर्तुळ

अभ्यासक्षेत्र म्हटलं की प्रकल्पाभोवती दहा किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढायचं, अशी रीत पडली आहे. वर्तुळ ठेवा, पण किमान म्हणून. पाणी, हवा आणि जनावरं वर्तुळ पाळत नाहीत. वीज केंद्राच्या राखेच्या बंधाऱ्यातून झिरपणारं पाणी नाल्याने कोलारमध्ये, कोलारमधून कन्हानमध्ये जातं, आणि कन्हानचं पाणी नागपूरकर पितात. म्हणून पाण्याची हद्द पाणलोटाने ठरवा आणि खालच्या अंगाला पाणी उचलण्याच्या पहिल्या मोठ्या ठिकाणापर्यंत जा. हवेची हद्द धुराड्याची उंची आणि वारा पाहून ठरेल. वाघाच्या वाटेचा प्रश्न असेल तर उमरेड-पवनी-कऱ्हांडला, पेंच आणि बोर या जंगलांना जोडणारा पट्टा नकाशावर आणल्याशिवाय एक ओळही लिहू नका.

भूगर्भाचं तर नागपुरात विशेषच आहे. शहराच्या पश्चिमेला दख्खनचा काळा बेसॉल्ट, पूर्वेला जुने स्फटिकी खडक, उत्तरेकडे कामठीचा वालुकाश्म आणि त्याच्या पोटात कोळसा. एकाच वर्तुळात तीन तऱ्हेचे खडक येऊ शकतात आणि प्रत्येकात भूजल वेगळ्या तऱ्हेने वाहतं. आठ विहिरींची सरासरी काढून 'भूजल पातळी इतके मीटर' असं लिहिलं तर त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. खडकाप्रमाणे विहिरींचे गट पाडा आणि प्रत्येक गट वेगळा मांडा.

नागपुरात बसल्याबसल्या मिळणारा डेटा

या बाबतीत आपण भाग्यवान आहोत, आणि हे भाग्य फार कमी अहवालांत दिसतं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं कार्यालय सेमिनरी हिल्सवर आहे. केंद्रीय भूजल मंडळाचा मध्य विभाग नागपुरात आहे. राज्याच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी आहेत. मृदा सर्वेक्षणाचं राष्ट्रीय ब्यूरो अमरावती रोडवर, दूर संवेदनाचं राज्य केंद्र व्हीएनआयटीच्या आवारात, प्रादेशिक हवामान केंद्र सोनेगावला, खाण ब्यूरोचं मुख्यालय सिव्हिल लाइन्समध्ये. १९५८ साली सुरू झालेली नीरी, ही पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था, तर इथलीच.

तरीही तीन महिन्यांच्या मोजणीला 'बेसलाइन' (प्रकल्पाआधीची स्थिती) म्हणून मोकळं व्हायची सवय आहे. तीन महिन्यांची मोजणी म्हणजे एका क्षणाचा फोटो. निदान दहा वर्षांचा पाऊस, विहिरींच्या पातळ्या आणि उपग्रहावरून दिसणारा जमीन-वापरातला बदल मिळवा, आणि आपला मोसम त्या दहा वर्षांत कुठे बसतो ते लिहा. पाऊस नेहमीपेक्षा जास्त झालेल्या वर्षी मोजलेली विहिरीची पातळी 'सामान्य' म्हणून छापणं ही वाचकाची दिशाभूल आहे.

पावसाची वार्षिक सरासरी देऊन थांबू नका. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी भरून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी घुसलं. त्याच्या आदल्या वर्षी, जुलै २०२२ मध्ये, जोरदार पावसात कोराडी वीज केंद्राच्या खसाळा इथल्या राख-बंधाऱ्याला भगदाड पडलं आणि राखेचं पाणी शेतांत आणि नाल्यांत शिरलं. बंधारा फुटतो तो तासाभराच्या पावसाने. वार्षिक सरासरीत तो पाऊस दिसतच नाही. म्हणून तासागणिक तीव्रता घ्या, त्यावरून सांडव्याची क्षमता तपासा, आणि 'बंधारा फुटलाच तर पाणी कुठवर जाईल' याचा नकाशा अहवालात घाला.

हवा मोजताना

हा भाग सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त आकडे इथे असतात आणि सगळ्यात जास्त घोळही इथेच होतो.

नेहमीची पद्धत अशी: एका मोसमात बारा आठवडे, आठवड्यातून दोनदा, चोवीस तास सॅम्पलर चालवायचा. केंद्रागणिक २४ आकडे मिळतात. वर्षाच्या मानकाशी तुलना करायची तर राष्ट्रीय मानकांनुसार वर्षभरात किमान १०४ मोजण्या लागतात. म्हणजे एका मोसमाची सरासरी वार्षिक मानकाशेजारी ठेवून 'आत आहे' असं म्हणताच येत नाही. बऱ्याच अहवालांत म्हटलेलं असतं.

आता सॅम्पलरजवळ जाऊ. यंत्राचं तोंड जमिनीपासून ३ ते १० मीटर उंचीवर हवं, झाडांपासून २० मीटरहून लांब, आणि शेजारची इमारत तोंडापेक्षा जितकी उंच असेल त्याच्या दुपटीहून जास्त अंतरावर. प्रत्यक्षात काय होतं? ग्रामपंचायतीचं छत मिळतं. एका कोपऱ्यात कडुनिंबाच्या फांद्या छतावर आलेल्या. खाली हॉटेलवाल्याची भट्टी सकाळी पाचला पेटते. वीज गेली की टीम जनरेटर लावते आणि तो वाऱ्याच्या वरच्या अंगाला, यंत्रापासून चार पावलांवर ठेवते. मग त्या फिल्टरवर जे जमतं ते गावाच्या हवेतलं नसून भट्टीचं आणि जनरेटरचं असतं. म्हणून प्रत्येक केंद्राचे चारही दिशांचे फोटो, अक्षांश-रेखांश, वीज गेल्याचे तास आणि आसपासच्या भट्ट्या, रस्ते, बांधकामं यांची नोंद परिशिष्टात द्या. केंद्राची जागा वाईट होती हे कळलं तर वाचक आकड्याकडे सावधपणे बघेल. लपवलं तर सगळ्याच आकड्यांवरचा त्याचा विश्वास उडेल.

फिल्टर पेपरचं वजनही तसंच. पीएम २.५ चा सॅम्पलर मिनिटाला १६.७ लिटर हवा ओढतो, चोवीस तासांत साधारण २४ घनमीटर. हवेत ६० मायक्रोग्रॅम असले तर फिल्टरवर जमणारी एकूण धूळ फक्त १.४४ मिलिग्रॅम. वजनात ०.१ मिलिग्रॅमची चूक झाली तरी उत्तरात चार मायक्रोग्रॅमचा फरक पडतो. पावसाळी दमट दिवशी कागद नीट न सुकवता तोलला की इतकी चूक सहज होते. वजनाआधी आणि नंतर फिल्टर ठरलेल्या तापमान-आर्द्रतेत चोवीस तास ठेवलेत का, कोरे फिल्टर सोबत नेऊन परत तोललेत का, त्यांचे आकडे काय आले, हे विचारा. कोऱ्या फिल्टरचे आकडे दाखवणारी प्रयोगशाळा कामाची.

आता खरा प्रश्न: २४ आकड्यांवरून आपल्याला काय दिसू शकतं? समजा एका केंद्रावर पीएम १० ची सरासरी ७८ आली आणि आकड्यांचं प्रमाण विचलन (सरासरीभोवतीची चढउतार) १८ आहे. प्रकल्पाआधीचे २४ आणि नंतरचे २४ आकडे तुलनेला घेतले तर दोन सरासऱ्यांच्या फरकातली प्रमाण त्रुटी (अंदाजातली संभाव्य चूक) सुमारे ५.२ निघते. ८० टक्के खात्रीने पकडता येईल असा लहानात लहान बदल त्याच्या २.८ पट, म्हणजे जवळजवळ १४.५ मायक्रोग्रॅम. तुमचं मॉडेल सांगतं वाढ ५ ची. मग ही मोजणी ती वाढ कधीच दाखवू शकणार नाही, आणि पाच वर्षांनी कोणी तरी लिहील की 'हवेत लक्षणीय बदल आढळला नाही.'

यावर उपाय आहे, आणि तो महागही नाही. एक नियंत्रण केंद्र घ्या: प्रकल्पाचा धूर सहसा पोचत नाही असं, पण हवामान, रस्ते, शेती आणि वस्ती तशीच असलेलं गाव. दोन्ही ठिकाणी त्याच दिवशी मोजा आणि दोघांतल्या फरकाकडे बघा. थंडी, धुळीचं वादळ, दिवाळीचे फटाके हे दोन्हीकडे सारखंच येतं, त्यामुळे फरकाची चढउतार कमी असते. वरच्या उदाहरणात फरकाचं विचलन ८ धरलं तर त्याच २४-२४ मोजण्यांत पकडता येणारा बदल १४.५ वरून साडेसहावर येतो. सलग दिवसांचे आकडे एकमेकांवर अवलंबून असले तर यात थोडी भर घालावी लागते, पण दिशा हीच. 'आधी आणि नंतर, प्रभावित आणि नियंत्रित' अशी चार खणांची ही रचना टीओआरमध्ये कोणी मागितली नसली तरी स्वतःहून करा.

मोसमाचं काय? नागपूरच्या हिवाळ्यात रात्री थंड हवेचा थर जमिनीलगत अडकतो आणि धूर खालीच राहतो. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिशीला टेकतो, हवा उंचापर्यंत ढवळली जाते, पण मातीची धूळ उडते. मार्च ते मे मोजून हिवाळ्याबद्दल बोलू नका. एकच मोसम परवडत असेल तर सगळ्यात वाईट मोसम निवडा आणि का निवडला ते लिहा.

आकडे खरे आहेत का, हे घरबसल्या तपासणं

काही तपासण्या इतक्या सोप्या आहेत की बारावीचा विद्यार्थीही करू शकतो. कोणत्याही दिवशी पीएम २.५ हे पीएम १० पेक्षा जास्त असू शकत नाही. ज्या दिवशी हवामान खात्याच्या नोंदीत चांगला पाऊस आहे, त्या दिवशी धूळ उतरलेली दिसली पाहिजे. दिवाळीच्या रात्रीचा आकडा बाकीच्यांसारखाच असेल तर विचारा. आठही केंद्रांवर सल्फर डायऑक्साइड बारा आठवडे ९ ते ११ च्याच दरम्यान खेळत असेल तर विचारा. दोन गावांचे आकडे दशांशापर्यंत जुळत असतील तर जरूर विचारा.

पाण्यासाठी आयनांची (विरघळलेल्या विद्युतभारित कणांची) बेरीज करा. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम एका बाजूला, क्लोराइड, सल्फेट, बायकार्बोनेट, नायट्रेट दुसऱ्या बाजूला, सगळे मिलिइक्विव्हॅलंटमध्ये, म्हणजे विद्युतभाराच्या हिशेबात. पाणी विद्युतदृष्ट्या उदासीन असतं, त्यामुळे दोन्ही बेरजा साधारण पाच टक्क्यांच्या आत जुळायला हव्यात. एकूण विरघळलेले क्षार भागिले विद्युत वाहकता हे गुणोत्तरही बहुधा ०.५५ ते ०.७ च्या दरम्यान येतं. मनाने लिहिलेले आकडे या दोन चाळण्यांतून सहसा पार होत नाहीत.

पाणी

राख निघणाऱ्या प्रकल्पात पाण्याची चाचणी करताना पारा, आर्सेनिक, बोरॉन, सेलेनियम, फ्लोराइड आणि सल्फेट सोडू नका. आणि 'आढळले नाही' या शब्दांवर समाधान मानू नका. पिण्याच्या पाण्यात पाऱ्याची मर्यादा लिटरला ०.००१ मिलिग्रॅम आहे. प्रयोगशाळेचं यंत्र ०.००५ च्या खालचं पाहूच शकत नसेल तर मर्यादेच्या चौपट पारा असला तरी अहवालात 'आढळले नाही' हेच येईल. प्रत्येक घटकाची शोधमर्यादा मानकाशेजारी छापा. ती मानकाच्या निदान पाचव्या हिश्शाइतकी तरी कमी हवी, असा माझा आग्रह आहे.

विहिरीची पातळी मोजायला गेलात तर आधी पंप कधी बंद केला ते विचारा. चालू पंपाच्या विहिरीत टेप सोडून मिळालेला आकडा भूजलाचा नसतो. सकाळी लवकर, पंप रात्रभर बंद असताना मोजा, मे महिन्यात एकदा आणि ऑक्टोबरमध्ये एकदा. आणि तिथे कोणी म्हातारा माणूस बसलेला असेल तर दोन मिनिटं द्या. 'काकाजी, पाणी कधी तळाला जाते?' एवढंच विचारा. 'पह्यले मे लागेपर्यंत पुरे, आता होळी झाली की मोटर हवा फेकते' असं उत्तर आलं तर ते तारीख, विहीर आणि सांगणाऱ्याचं वय यांसह नोंदवहीत उतरवा. अशी दहा-पंधरा उत्तरं एका दिशेला बोट दाखवत असतील तर तोही पुरावा आहे, आणि जवळच्या निरीक्षण विहिरीच्या नोंदींशी तो पडताळता येतो.

झाडं, जनावरं

जैवविविधतेचं प्रकरण उघडलं की प्रजातींची लांबलचक यादी येते. यादी म्हणजे सर्वेक्षण नव्हे. किती जण, किती तास, कोणत्या वाटेवर, कोणत्या महिन्यात फिरले हे नसेल तर 'आढळला नाही' याला काडीची किंमत नाही. कॅमेरा ट्रॅप लावले असतील तर किती कॅमेरे किती रात्री चालू होते ते लिहा.

पावसाळा टाळून केलेल्या अभ्यासात विदर्भातल्या माळरानाची निम्मी कथा गळते. तरोट्यापासून गवतांपर्यंत कितीतरी झुडपं-रोपं पावसाबरोबर उगवतात आणि हिवाळा सरता सरता वाळून जातात. बेडकांचंही तेच. उलट तलावांवर येणारे पट्टकादंबासारखे पाहुणे पक्षी हिवाळ्यातच दिसतात. हवेसाठी नियमाने पावसाळा सोडता येतो. जीवसृष्टीसाठी तो सोडू नका.

एक छोटी खूण सांगतो. वन्यजीव कायद्याच्या अनुसूची २०२२ च्या दुरुस्तीने बदलल्या आणि सहाच्या चार झाल्या. आजच्या अहवालात पाचव्या किंवा सहाव्या अनुसूचीचा उल्लेख दिसला तर मजकूर जुन्या फाइलमधून उचलला आहे. अशी उचलेगिरी किती थराला जाते याचं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या खाणीच्या अहवालाचा मजकूर जसाच्या तसा सापडला होता.

मॉडेल चालवताना

धूर कुठे, किती पसरेल याचं गणित करणारं एअरमॉडसारखं सॉफ्टवेअर कोणीही चालवतं. प्रश्न त्यात घातलेल्या माहितीचा आहे. सोनेगाव विमानतळाचा वारा नैर्ऋत्येला मोजलेला, कोराडी शहराच्या उत्तर टोकाला. तो डेटा वापरायला हरकत नाही, पण प्रकल्पाच्या जागी मोजलेल्या वाऱ्याशी तो किती जुळतो ते दाखवा. वारा जवळजवळ पडलेला असतानाचे तास किती होते आणि त्यांचं काय केलं, ते सांगा. हिवाळ्यातली सगळ्यात घाण हवा त्याच तासांत असते. मॉडेल एका मोसमावर चालवू नका, पूर्ण वर्षावर चालवा.

खाणीच्या रस्त्यावरची धूळ मोजायला परदेशी उत्सर्जन गुणांक (किती वाहतुकीतून किती धूळ उडते ते सांगणारे आकडे) वापरतात. त्यात रस्त्यावरच्या बारीक मातीचं प्रमाण घालावं लागतं. ते पुस्तकातून घेऊ नका. रस्ता झाडून माती गोळा करा, चाळणी लावा, आकडा काढा. अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि उत्तर त्याने दुप्पट-तिप्पट बदलू शकतं.

शेवटी एकच आकडा देऊ नका. उत्सर्जन, वारा, धूळ-नियंत्रणाची कार्यक्षमता यांतलं एकेक गृहीतक वरखाली करून पहा आणि उत्तराची खालची-वरची हद्द द्या. पाणी मारून धूळ ८० टक्के दबेल असं धरलंत, तर टँकर उन्हाळ्यात दुपारी बंद राहिला तर काय, हेही त्यातच आलं पाहिजे. त्याआधी एक काम: मॉडेल आजच्या स्रोतांवर चालवून आजच्याच मोजलेल्या आकड्यांशी ताडून पहा. ज्याला आजचा दिवस सांगता येत नाही, त्याला पाच वर्षांनंतरचा विचारण्यात अर्थ नाही.

एकत्रित परिणाम

कोराडी आणि खापरखेडा ही औष्णिक केंद्रं एकमेकांच्या दहा किलोमीटरच्या वर्तुळात येतात. त्याच पट्ट्यात कोळसा खाणी, राखेचे बंधारे, वीटभट्ट्या आणि कोळशाच्या ट्रकांची वर्दळ आहे. प्रत्येक अहवाल आपापली वाढ 'थोडी' म्हणून मांडतो आणि श्वास घेणाऱ्याच्या छातीत मात्र सगळ्यांची बेरीज जाते. तुमच्या मॉडेलमध्ये चालू असलेले, मंजूर झालेले आणि अर्ज केलेले असे तिन्ही तऱ्हेचे प्रकल्प घ्या. परिवेश या पर्यावरण परवानग्यांच्या सरकारी पोर्टलवर त्यांची कागदपत्रं असतात, धुराड्यांची उंची आणि उत्सर्जनाचे आकडे त्यातूनच मिळतात. दोन अहवालांत एकाच गावाचे बेसलाइन आकडे वेगळे निघाले तर तेही लिहा.

उपाय लिहिताना

'हरितपट्टा विकसित केला जाईल' हे वाक्य खोडा. कोणत्या प्रजाती, किती रांगा, पहिल्या दोन उन्हाळ्यांत पाणी कुठून, तिसऱ्या वर्षी किती टक्के झाडं जगलेली असतील, आणि तेवढी जगली नाहीत तर काय. इतकं लिहिलं की पुरे.

जनसुनावणी

तीस दिवसांची सूचना, मराठी सारांश, जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्यापेक्षा कमी नसलेल्या दर्जाचे अध्यक्ष, हे सगळं नियमात आहे. वैज्ञानिकदृष्ट्या महत्त्वाचं ते हे की मराठी सारांशात इंग्रजी अहवालातलेच आकडे आणि तीच अनिश्चितता यावी. 'वाढ ४ ते ९, कदाचित १५' हे इंग्रजीत लिहून मराठीत 'परिणाम होणार नाही' असं छापणं हा लोकांचा विश्वासघात आहे. सुनावणीत कोणी म्हणालं की बंधाऱ्याखालच्या वावरात सोयाबीन पिवळं पडते, तर 'नोंद घेतली' असं उत्तर देऊन पुढे जाऊ नका. वावराचा गट क्रमांक घ्या, माती-पाण्याचा नमुना घ्या, आणि अंतिम अहवालात त्याच तक्रारीसमोर निकाल छापा.

कच्चा डेटा आणि बाहेरचा डोळा

सल्लागाराचे पैसे प्रकल्पवाला देतो, ही या व्यवस्थेतली मोठी अडचण आहे. ती एका अहवालाने सुटणार नाही, पण करारात एक कलम घालून घेता येतं: मोजलेला प्रत्येक आकडा, नको असलेलाही, परिशिष्टात जाईल आणि तो वगळायचा अधिकार कोणालाच नसेल. फिल्टरची वजनं, प्रयोगशाळेचे मूळ अहवाल, मॉडेलच्या इनपुट फाइल्स, सगळं एक्सेलमध्ये, पीडीएफच्या फोटोत नव्हे. मसुदा झाला की ज्याला या प्रकल्पातून एक रुपयाही मिळत नाही अशा एखाद्या प्राध्यापकाला किंवा निवृत्त शास्त्रज्ञाला वाचायला द्या. नागपुरात अशी माणसं भरपूर आहेत. त्यांचे आक्षेप आणि तुमची उत्तरं अहवालाला जोडा.

माहिती दडवण्याची किंमत काय, ते २००६ च्या अधिसूचनेतच लिहिलं आहे: जाणूनबुजून दडवलेल्या किंवा खोट्या माहितीवर अर्ज फेटाळता येतो आणि दिलेली परवानगीही रद्द होऊ शकते. २०१९ साली गोव्यातल्या मोपा विमानतळाच्या प्रकरणात आसपासची जंगलं अर्जात नीट न दाखवल्याच्या कारणाने सर्वोच्च न्यायालयाने परवानगी थांबवून तज्ज्ञ समितीला फेरविचार करायला लावला होता.

प्रकल्प सुरू झाल्यावर

खरी परीक्षा इथून सुरू होते, आणि बहुतेकांचं लक्ष नेमकं इथेच उडतं. परवानगीच्या अटींप्रमाणे १ जून आणि १ डिसेंबरला अनुपालन अहवाल द्यावा लागतो. त्यात 'अट पाळली' असे शेरे असतात. भाकीत खरं ठरलं की नाही, हे कुठेच नसतं. म्हणून मूळ अहवालाच्या शेवटी एक तक्ता द्या: भाकिताचा क्रमांक, जागा, महिना, अपेक्षित आकडा आणि हद्द, मोजण्याची पद्धत, धोक्याची पातळी, आणि ती ओलांडली तर काय करायचं. दर सहा महिन्यांनी त्यात एकच नवा रकाना भरायचा: प्रत्यक्ष काय निघालं. मोजणी त्याच छतावर, त्याच यंत्राने, नियंत्रण गावासकट.

हे जमतं, याचं उदाहरण जवळच आहे. राष्ट्रीय महामार्ग ४४ च्या पेंचमधल्या टप्प्यात जनावरांसाठी रस्त्याखालून वाटा बांधल्या, तेव्हा भारतीय वन्यजीव संस्थेने तिथे कॅमेरे लावून कोणती जनावरं प्रत्यक्ष जातात ते मोजलं. वाघाचेही फोटो मिळाले. 'प्राणी ही वाट वापरतील' हे आधी एक भाकीत होतं, मोजल्यावर त्याला आकडे मिळाले, आणि पुढच्या रस्त्यांना किती रुंदीची, किती उंचीची वाट द्यायची यासाठी हाताशी पुरावा आला.

एखादं भाकीत चुकलं तर त्या रकान्यात स्वच्छ लिहा: अपेक्षित ४ ते ९, प्रत्यक्ष १७. खाली कारण लिहा. वारा वेगळा होता, की टँकर बंद होता, की उत्सर्जनाचा आकडाच कमी धरला होता. मग तीच दुरुस्ती त्या पट्ट्यातल्या पुढच्या प्रकल्पाच्या मॉडेलमध्ये घाला आणि कोणत्या अनुपालन अहवालावरून घातली त्याची तारीख शेजारी नोंदवा.